घरच्या घरी हुकूमशहा कसा पोसावा

हुकूमशहा हवा असेल तर रणगाड्यांची वाट कशाला बघता? नाशिकच्या गंगापूर रोडला टू बीएचके घ्या, तिथून सुरुवात होते.

सोसायटीच्या वार्षिक सभेला जाऊ नका. सही मात्र करा, रजिस्टर घेऊन वॉचमन दारात येतोच. सेक्रेटरी वर्षानुवर्षं तोच असेल तर उत्तम. ‘तेच बघतात सगळं’ म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. लिफ्टशेजारी ‘कामवाल्या बायकांनी जिन्याने जावे’ अशी पाटी लागली, तर त्या वेळी मोबाइलमध्ये बघा. भांडी घासायला चौथ्या मजल्यावर चढून येणाऱ्या मावशींच्या आणि तुमच्या मताची किंमत एकच, हे मतदानाच्या दिवसापुरतं आठवलं तरी पुष्कळ. बोटावरची शाई जातेच.

नेमक्या याच विसंगतीबद्दल बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बजावलं होतं: राजकारणात समता आणि समाजात, अर्थकारणात विषमता. ती लवकर मिटली नाही, तर विषमतेत होरपळलेले लोक लोकशाहीचा डोलाराच उडवून देतील. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हेही त्याच भाषणात आहे. भाषण लांब आहे, वाचू नका. 14 एप्रिलला स्टेटस ठेवा, भागतं. पाहुण्यांना काळारामाच्या दर्शनाला न्याल तेव्हा, याच मंदिराच्या बंद दारांसमोर 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पाच वर्षं चालला, असलं काही सांगत बसू नका. मिसळ कुठली चांगली ते सांगा.

1831 मध्ये अमेरिका बघायला गेलेल्या तोकव्हील नावाच्या फ्रेंच गृहस्थाची भीती वेगळीच. त्याचं म्हणणं, माणसं सारखी झाली की जो तो आपल्या चौकटीत शिरतो आणि वर एक मायाळू सत्ता बसून सगळ्यांचं पोरासारखं करते. त्यावर उपाय काय, तर लोकांनी मंडळं काढावीत, गावकारभारात हात घालावा. म्हणजे कटकटच. आपण नाशिककरांनी मात्र दोन्ही जमवलं: एकमेकांना सारखं मानत नाही आणि एकत्रही येत नाही. 2022 ला महापालिकेची मुदत संपली, प्रशासक बसले, नगरसेवकांविना वर्षं गेली. तुमचं काय अडलं? घंटागाडी येत होती ना?

एखाद्या दिवशी आली नाही, तर ग्रुपवर लिहा: ‘या देशाला एकच कडक माणूस पाहिजे.’ मग अंगठे मोजा.