पगार, पागार आणि ‘स्पेलिंग बदललेली स्पॅनिश’

भाषा शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्पॅनिश येत असेल तर पोर्तुगीज वाचायला वेगळं व्याकरण शिकू नका. दोन्हींचं व्याकरण एकच, फरक फक्त उच्चारात. पोर्तुगीजमधले जादा नियम आणि खुणा म्हणजे जुनी नटवेगिरी.

मी पोर्तुगीज कागद मराठीत आणून पोट भरतो. त्यात गोव्यातले 1961च्या आधीचे भाडेकरार बरेच. म्हणून उत्तरही भाड्याच्याच भाषेत देतो आणि क्रियापद एकच घेतो: ‘पागार’, म्हणजे पैसे देणे. आपला महिन्याचा पगार इथूनच आला.

‘व्याकरण एकच.’ शब्द बहुतेक ओळखीचे, हे कबूल. पण ‘पागारा’ हे रूप बघा. दोन्ही भाषांत अक्षरन् अक्षर तेच. स्पॅनिशमध्ये ते ‘त्याने भाडं भरावं म्हणून’ किंवा ‘भरता तर’ अशा वाक्यांत येतं. पोर्तुगीज लेखनात त्याचा अर्थ ‘त्याने भाडं आधीच भरलं होतं’. (स्पॅनिश वर्तमानपत्रांत हा जुना अर्थ अधूनमधून डोकावतो, पण तो शैलीपुरता.) एकाच शब्दावर एक भाडेकरू सुटतो, दुसरा अडकतो.

त्याहून फसवं ‘तें पागु’. बांधणी स्पॅनिशच्या ‘आ पागादो’सारखीच. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ ‘भरलंय’, विषय संपला. पोर्तुगीजमध्ये मात्र ‘अलीकडे भरत आलाय’. एकदाच भरलं असेल तर साधा भूतकाळ ‘पागो’ पुरतो. सुरुवातीला मी इथेच आपटलो. ‘भाडं भरलं आहे’ असं लिहून मोकळा झालो, तर वकिलांनी विचारलं, ‘कोणत्या महिन्याचं?’

‘पोर्तुगीजमध्ये स्पॅनिशपेक्षा वेगळं काही नाही.’ आहे की. ‘साई सें पागार’ म्हणजे मी पैसे न देता निघालो. ‘साई सें म पागारें’ म्हणजे त्यांनी माझे पैसे न देताच मी निघालो. मूळ क्रियारूपालाच पुरुष आणि वचनाचा प्रत्यय लागतो, त्यामुळे पैसे कुणी दिले नाहीत हे त्या शेपटावरून कळतं. स्पॅनिशला इथे ‘के’ घालून वेगळं उपवाक्य करावं लागतं. आपलं ‘न देता’ही कर्त्याबद्दल मुकंच असतं, म्हणून आपण ‘त्यांनी’ जोडतो.

दुसरी चीज भविष्यातल्या अटीची. ‘तो येईल तेव्हा’ला स्पॅनिश म्हणते ‘क्वांदो वेंगा’, पोर्तुगीज म्हणते ‘क्वांदु विएर’. हे ‘विएर’ येतं ‘विएरांव’ (ते आले) या भूतकाळी रूपाचं शेपूट कापून. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘उद्या तो आला की सांग’ म्हणताना आपणही उद्यासाठी ‘आला’च वापरतो! स्पॅनिशमध्येही हे रूप होतं. आज ते कायद्यांत आणि म्हणींत उरलंय. मनुष्यवधाच्या कलमातच बघा. स्पेनच्या दंडसंहितेत 138व्या कलमात ‘मातारे’, पोर्तुगालच्या 131व्यात ‘केंय मातार’: जो कोणी ठार मारेल. इथवर बरोबरी. पण स्पॅनिश माणूस ‘मातारे’ कोर्टाबाहेर सहसा काढत नाही, आणि लिस्बनमधली आई मात्र मुलाला ‘जमेल तेव्हा फोन कर’ असा मेसेज टाकताना हेच रूप वापरते.

आता ‘नटवेगिरी’. इथे मेसेज अर्धा खरा. ‘पागार-ल्य-एय’, म्हणजे ‘मी त्याला पैसे देईन’. यात ‘त्याला’ क्रियापदाच्या पोटात शिरलंय. ब्राझीलच्या बोलण्यातून हा प्रकार केव्हाच गेला; 2016मध्ये राष्ट्राध्यक्षपदी आलेल्या मिशेल टेमेरांच्या तोंडी अशी रूपं आली की त्यावर विनोद होत. पण त्याला कारण आहे. हा भविष्यकाळ मुळात दोन शब्दांचा, आणि सर्वनाम त्यांच्या फटीत बसायचं. आधी नकार आला की ते लगेच बाहेर पडून पुढे जातं: ‘नांव ल्य पागारेय’.

खुणांचं मात्र अजिबात पटत नाही. ‘वेंदु अ विश्ता’: मी समोरचा देखावा विकतो. ‘वेंदु आ विश्ता’: मी रोखीने विकतो. लिहिताना फरक एका अक्षरावरच्या, उलट्या बाजूला कललेल्या बारीक रेघेचा. ती सांगते की इथे शब्दयोगी ‘अ’ आणि उपपद ‘अ’ असे दोन ‘अ’ एकत्र आलेत. अगदी आपल्या संधीसारखं. लिस्बनमध्ये निदान ऱ्हस्व-दीर्घासारखा फरक ऐकू तरी येतो. ब्राझीलमध्ये दोन्हींचा उच्चार सारखाच. तिथल्या पाटीवरची ती रेघ पुसली, तर दुकानदार रोख मागतोय की समुद्रकिनारा विकायला बसलाय, हे ज्याचं त्याने ठरवायचं.