झोजिलात शेंगदाणा

सोसायटीच्या दिवाळी किल्ले स्पर्धेत मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. बालगटात. माझं वय सत्तेचाळीस, चष्मा दुहेरी नंबरचा, आणि बक्षीस कंपासपेटी. कर्कटकासकट. पेटी हातात घेताना टाळ्या वाजल्या आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बरं झालं, नाहीतर हिरमोड झाला असता बिचाऱ्याचा." कोण म्हणालं ते मला माहीत आहे. सोसायटीत पार्किंगचे वाद होतच असतात, तेव्हा बघू.

मुळात मी स्पर्धेत उतरलोच नव्हतो. सेक्रेटरी म्हणाले, "तुमचं ते रणगाड्याचं खेळणं ठेवा की खाली, जरा शोभा येईल." ठेवलं. त्याची नोंद कोणी केली, बालगटात का केली, हे विचारल्यावर उत्तर मिळालं की गट एकच आहे.

आता ते खेळणं काय होतं ते सांगतो, कारण तिथे कोणी विचारलं नाही. १ नोव्हेंबर १९४८, झोजिला खिंड, उंची साधारण साडेअकरा हजार फूट. त्या वर्षी पाकिस्तानी घुसखोरांनी खिंड, द्रास आणि कारगिल घेतलं होतं, श्रीनगरहून लेहला जाणारी वाट तुटली होती. सप्टेंबरात पायदळाने केलेले हल्ले फसले. तेव्हा तिथल्या आपल्या फौजेचे प्रमुख जनरल थिमय्या यांनी ठरवलं की रणगाडेच वर चढवायचे. वर जायला रस्ता कुठला, खेचरांची वाट. ती मद्रास सॅपर्सनी, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरांनी, खिंडीखालच्या बालटालपासून रुंद केली. ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे, वरचे तोफेचे बुरूज उतरवून, झाकूनपाकून, कोणाला पत्ता लागू न देता तिथवर आणले आणि १ नोव्हेंबरला बर्फात वर घातले. एवढ्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्यांच्या स्वप्नातही नव्हतं, कारण तोवर जगात कुठेच ते इतक्या उंचावर लढले नव्हते. खिंड पडली. नोव्हेंबर संपायच्या आत कारगिल परत आलं आणि लेहची वाट मोकळी झाली.

तर हा स्टुअर्ट मी १/३५ प्रमाणात केला. तळहातावर मावतो. एक पस्तीसांश हे असलं विचित्र प्रमाण कुठून आलं असं मला कोणीतरी विचारावं अशी माझी फार इच्छा आहे. कोणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगून टाकतो: जपानच्या तामिया या खेळण्यांच्या कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाडा काढला, त्यात मोटर आणि सेल मावले पाहिजेत म्हणून तो जेवढा ठेवावा लागला, ते प्रमाण निघालं १/३५. पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. टॉर्चच्या सेलने ठरवलेल्या मापात आम्ही मोठी माणसं डोळे फोडून घेतो.

रणगाडा करणं त्यामानाने सोपं. किटमध्ये सुटे भाग असतात, कागद असतो, काय कुठे चिकटवायचं ते लिहिलेलं असतं. बर्फ मात्र आपला आपण पाडावा लागतो. परदेशी तयार बर्फ मिळतो, चिमुकल्या बाटलीत, आणि टपालखर्च, कस्टम धरून तो असा काही भाव खातो की त्या पैशात मी स्वतः सोनमर्गला जाऊन पोतं भरून आणलं असतं. नाशिकला बर्फ म्हणजे रसवंती नाहीतर गोळेवाला. थंडीत निफाडचा पारा घसरल्याची बातमी येते, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पेपरात पानावर गोठलेल्या दवाचा फोटो येतो. तेवढ्यावर खिंड कशी भरणार?

"कापूस लावा" हे प्रत्येक जण सांगतो. ज्याला आयुष्यात दुसरं काही सांगता येत नाही तोही सांगतो. कापसाने बर्फ होत नाही, पहिलीच्या पुस्तकातल्या ढगासारखं काहीतरी होतं. थर्माकोलचा भुगा खिंड सोडून माझ्या बाह्यांवर, भुवयांवर आणि मांजरावर बसला. मग रांगोळी. पांढरी शुभ्र, छान चमकते, पण रांगोळीचा एक जाडसर कण अर्ध्या मिलिमीटरचा. पस्तीसने गुणा, एक सेंटिमीटरच्या पुढे जातो. म्हणजे ती हिमवृष्टी नव्हे, गारपीट. निफाडचा बागायतदार बघून तिथेच पंचनामा मागेल.

शेवटी खाण्याचा सोडा. भद्रकालीतल्या दुकानदाराने "केटरिंगला का?" एवढंच विचारून दोन किलो बांधून दिला. खाली पातळ फेविकॉल, वर सोडा, चहाच्या गाळणीतून. गाळणीवरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही, ते प्रकरण अजून चालू आहे. फेविकॉलमधला सोडा काही वर्षांनी पिवळा पडतो म्हणतात. पडू दे. तोवर मी रणगाड्यावर फक्त आडव्या भागांवर बर्फ बसवला, उभ्यावर पुसट. चाकपट्ट्यांखाली चिखल वर आलेला दाखवला. सावलीतल्या बर्फाला निळसर हात दिला, जवानांच्या मागे त्यांच्या बुटांचे ठसे काढले. फूटभर बर्फ म्हणजे १/३५ मध्ये जेमतेम नऊ मिलिमीटर, तेवढाच भरला. आणि इंजिनाच्या झाकणावर मुद्दाम बर्फ घातला नाही. याचा मला खास अभिमान होता.

परीक्षक होते बी विंगमधले काका. आयुष्य धरणं-कालव्यांवर गेलं, आता निवृत्त. एका हातात चिवड्याची वाटी, दुसऱ्या हातात गुणांचा कागद. निकष त्यांनीच ठरवलेले: तटबंदी, पाण्याची सोय, हिरवळ, मावळे, एकूण देखावा. प्रत्येकी दहा.

"कोणता किल्ला?"

"किल्ला नाही काका, खिंड आहे. झोजिला."

"पावनखिंड?"

"झोजिला. काश्मीरहून लडाखला जाताना लागते ती."

"बरं. तटबंदी?"

"खिंडीला तटबंदी नसते काका."

त्यांनी शून्य काढलं. घाईने नाही, सुबक, वळणदार शून्य.

"पाण्याची सोय?"

"हा सगळा बर्फ म्हणजे पाणीच की."

हे त्यांना भावलं. ते खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवला. "वितळल्यावर निचरा कुठे?"

"सिंध नाल्यात. खाली, बालटालच्या बाजूला."

"दिसत नाहीये."

"चौकटीच्या बाहेर येतो तो."

"बाहेरचं धरता येत नाही," ते म्हणाले आणि चार गुण दिले. "हिरवळ?"

"साडेअकरा हजार फुटांवर? नोव्हेंबरात?"

"शेजारी बघा." शेजारी चौथीतल्या एका मुलीचा रामशेज होता आणि त्याच्या उतारावर अळीव तरारला होता. "पोरीने रोज पाणी घातलंय. तुम्ही पाणी घातलं नाहीत."

सोड्याला पाणी घातलं असतं तर काय झालं असतं हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ते जवानांपाशी पोचले होते. "मावळे हे असले? महाराज कुठे आहेत?"

"काका, १९४८ साल आहे."

"मग काय झालं? महाराज कधी नाहीत?"

याला उत्तर नाही. महाराष्ट्रात तरी नाही.

मग त्यांचं बोट इंजिनाच्या झाकणावर आलं. "इथे बर्फ संपला वाटतं?"

माझा जीव भांड्यात पडला. अखेर कामाचा प्रश्न! मी सगळं सांगितलं: या स्टुअर्टला कॅडिलॅकची दोन इंजिनं, ती चालू असली की वरचं पोलाद तापतं, बर्फ पडला तरी टिकत नाही, बाकी रणगाडा पांढरा होतो आणि तेवढाच भाग ओला, काळपट राहतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. अगदी मान डोलावत.

"म्हणजे संपला," ते म्हणाले.

"पण दिवाळीचा नि याचा संबंध काय?" हे काकांनी विचारलं तेव्हा मी हुकूम टाकला. "काका, १ नोव्हेंबर १९४८ ला दिवाळीतलीच अमावास्या होती."

वाटीतला हात थांबला. "अमावास्येला लढाई काढली?"

"हो."

"मुहूर्त कोणी बघितला?"

"थिमय्यांनी. आणि त्या दिवशी सूर्यग्रहणही होतं. आफ्रिकेत खग्रास दिसलं."

"अमावास्या, त्यात ग्रहण," काका हळूहळू म्हणाले. "आणि जिंकले?"

"जिंकले."

"मग समोरच्यांची पत्रिका भयंकरच असली पाहिजे."

या विचारात असतानाच वाटी कलली आणि एक शेंगदाणा डाव्या उतारावर पडला. शेंगदाणा असेल सेंटिमीटरभर, म्हणजे प्रमाणात पस्तीस सेंटिमीटरचा धोंडा. तो गडगडत गेला, बुटांच्या ठशांची पूर्ण रांग पुसली आणि एका जवानाच्या पाठीला टेकून थांबला. काकांनी तो दोन बोटांनी उचलला, फुंकला आणि तोंडात टाकला.

"सोडा जरा जास्त झालाय."

"काका, त्यात फेविकॉल आहे."

"असू दे. पोट बांधून राहील."

शेंगदाण्यासोबत त्यांच्या बोटांनी बराच बर्फही उचलला होता. तिथे खालची तपकिरी माती उघडी पडली. काकांनी तो खड्डा सर्व बाजूंनी पाहिला आणि पहिल्यांदाच त्यांचे डोळे चमकले. "इथे विहीर दाखवा. पाण्याचे गुण वाढवतो."

मी नको म्हणालो. ते म्हणाले, विचार करा, निकाल सातला आहे.

रामशेजला पहिलं बक्षीस मिळालं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. त्या मुलीचे बुरूज चांगले होते. पण दुसरं बक्षीस ज्याला गेलं तो किल्ला प्लास्टरचा, तयार, बाजारातून उचलून आणलेला. मागे किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच होती. तटबंदी दहापैकी दहा. असणारच, साच्यातून आलीय. आमच्या नाशिकरोडहून देवळाली हाकेच्या अंतरावर. तोफखान्याचं शिक्षण तिथे होतं, सरावाचे आवाज येतात, खिडक्या थरथरतात, आपण "आज जोरात चाललंय" म्हणून चहा ओतून घेतो. अहिल्यानगरला रणगाड्यांचं अख्खं संग्रहालय आहे. दर पंधरा ऑगस्टला याच पार्किंगमध्ये स्पीकर फाटेस्तोवर सैनिकांची गाणी लागतात. पण एका खऱ्या लढाईचं नाव घेतलं की माणसं विचारतात, हिरवळ कुठे आहे.

रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले. माझ्या खिंडीखाली लिहिलं होतं, 'सुंदर केदारनाथ देखावा'. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग, 'हर हर महादेव', आणि सी विंगमधल्या काकूंचा प्रश्न: 'छान आहे, पण मंदिरापुढे ट्रॅक्टर कशाला?'

मी लिहिलं, 'हे केदारनाथ नाही. ही झोजिला खिंड आहे. १ नोव्हेंबर १९४८, ७ लाइट कॅव्हलरी, जनरल थिमय्या. ट्रॅक्टर नाही, रणगाडा आहे.'

बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. मग ॲडमिनचा मेसेज आला: 'कृपया ग्रुपवर राजकीय विषय टाळावेत.'