डोंगर आदिवासींनी बोडके केले, हे खोटं आहे

"आदिवासींनी कुऱ्हाडीनं उजाड केलेली जंगलं इंग्रज अधिकाऱ्यांनी येऊन तपासली, राखीव केली, म्हणून आज सह्याद्री हिरवा आहे." पंधरा दिवस हा फॉरवर्ड फिरतोय. काल भाचीनं तो शाळेच्या प्रकल्पात जसाच्या तसा उतरवलेला पाहिला आणि डोकंच फिरलं.

इंग्रजांआधी जंगलाला वाली नव्हता? मराठेशाहीच्या राज्यकारभारावरचं 'आज्ञापत्र' वाचा. आरमारासाठी साग तोडायचा तर हुजूरची परवानगी, आणि आंबा-फणसाचं जीर्ण झाडसुद्धा धन्याला राजी करून, पैसे देऊनच तोडायचं.

खरा खोटेपणा पुढं आहे. ईस्ट इंडिया कंपनीनं १८०६ मध्ये मलबारात कॅप्टन वॉटसन हा वनसंरक्षक नेमला, तो इंग्रजांच्या आरमाराला सागवान पुरवायला. लोक इतके पिडले गेले की १८२३ मध्ये ते पदच रद्द करावं लागलं. मलबारच्या सागाचं, मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं 'ट्रिंकोमाली' जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभं आहे. त्यानंतर आली रेल्वे, मैलाला हजारांवर स्लीपर लागणारी. आणि दोष कुणाला, तर कातकरी-ठाकरांना!

आमच्याकडं राब भाजतात तो जवळून बघा. ऐनाच्या झाडाच्या फांद्या छाटायच्या, वर पाला, शेण, माती पसरून उन्हाळ्यात भाजायचं, मग त्या जागी भाताची दाढ, म्हणजे रोपं. बुंधा शाबूत राहतो, त्याला पुन्हा धुमारे फुटतात. दळीसाठी, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीसाठी, उतार मोकळे व्हायचे, सारखा ओरबाडला तर ऐनही खुरटतो, हे कबूल. दापोडीच्या बागेचे डॉ. गिब्सन १८४७ पासून मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक होते. जंगल तुटलं की झरे आटतात हा त्यांचा इशाराही खराच. पण जहाजं आणि रेल्वे वगळून सगळं खापर राबावर फोडायचं?

"राखीव केली" म्हणजे काय केलं, तेही सांगा ना. १८७८ च्या कायद्यानं राखीव वनात, मुभा दिलेली नाही ते सगळं बंद झालं. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये जोतीराव फुले लिहितात की डोंगर-दऱ्यांच्या भरीला पडीक जमिनी आणि गायरानंही जंगलखात्यात घातली, गरिबाच्या शेरडाकरडांना रानचा वारा खायलाही जागा उरली नाही. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांत राबावरून इतकी ओरड झाली की १८८५ मध्ये सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला.

आणि त्या फॉरवर्डची शेवटची ओळ, "वनहक्क म्हणजे जंगलाची लूट." २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत संसदेनंच जंगलात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं मान्य केलंय.

भाचीनं ते पान खोडलंय. आमच्या ग्रुपवर हे पाठवणाऱ्या दादानंही तो मेसेज आजच काढून टाकावा.