कमरेला दोर बांधून पुरात उतरू नका

परवा भाचा पंक्चरच्या दुकानात ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरून घेत होता. खांद्यावर नायलॉनचा दोर. "मामा, ग्रुपवर आलंय" म्हणत त्यानं मोबाईल पुढं केला. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हापासून परंडा-भूमकडं फिरतोय तोच मेसेज: एनडीआरएफची वाट बघू नका, कमरेला दोर बांधा आणि उतरा. नोंदणी लागत नाही, अधिकाऱ्यांना नुसतं श्रेय हवं असतं. मदतीच्या गाड्या थेट गावात न्या.

हे लिहिणारा कधी वाहत्या पाण्यात उभा राहिलाय का? पाय सुटला की दोर ताणतो आणि वरून येणारं पाणी माणसाला खाली दाबतं. काठावरचे जेवढं ओढतील तेवढा तो बुडतो. ओली गाठ सुटत नाही. शिकलेले जवानसुद्धा एका झटक्यात सुटणारा पट्टा लावतात. आधी बांबू पुढं करायचा, दोर फेकायचा, मग बोट. अंगानं उतरणं सगळ्यात शेवटी. १९८५ च्या मेक्सिको सिटी भूकंपात नवख्या लोकांनी सुमारे ८०० जणांना वाचवलं, आणि वाचवता वाचवता त्यांच्यातलेच सुमारे १०० गेले. अमेरिकेची आपत्ती यंत्रणा, फेमा, स्वयंसेवकांना शिकवताना हाच दाखला देते.

पथकाला वेळ लागतो, हे मान्य. एनडीआरएफची तुकडी निघते पुण्याजवळच्या सुदुंबऱ्याहून. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३:५६ ला भूकंपानं किल्लारीत घरं बसली, तेव्हा पहिले दगड शेजाऱ्यांनीच उचलले. पण दिवस उजाडल्यावर बाहेरून लोटलेल्या गर्दीनं तिथलेच रस्ते तुंबले. गाड्या थेट गावात नेण्याचं उत्तर त्यातच आलं.

आणि श्रेय? नोंदणी असते ती कोण कुठल्या वस्तीवर गेलं आणि संध्याकाळी परत आलं का, हे कळायला. यंत्रणेला लोक नकोत, हे तर धादांत खोटं. आपदा मित्र योजना ३५० जिल्ह्यांत १ लाख स्वयंसेवक तयार करायलाच निघाली, बारा दिवसांचं प्रशिक्षण देऊन. ऐनवेळी धावून येणाऱ्यांना कामाला कसं लावावं यावर २०१७ पासून आयएसओ २२३१९ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. बोटीवाल्यांना गावचाच माणूस हवा असतो: पाण्याखाली विहीर कुठंय, तारा कुठं लोंबतात, अंथरुणाला खिळलेली म्हातारी कुठल्या घरात आहे, हे बाहेरच्याला कसं कळणार? पाणी चढायच्या आधी दावणीची जनावरं सोडायलाही गावचीच पोरं लागतात.

भाच्याच्या मोबाईलमध्ये जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ घालून दिला. ट्यूब मी ठेवून घेतली. दोर त्याच्याकडंच आहे. टोकाला पाच लिटरचा कॅन बांधलाय, वजनापुरतं पाणी ठेवून, झाकण घट्ट लावून. काठावरून फेकायला.