ट्रान्समिशन कूलरचा तो मेसेज बघून पैसे घालवू नका

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की कुठल्याही ऑटोमॅटिक गाडीला बाहेरून ट्रान्समिशन कूलर (गिअरबॉक्सचं ऑइल गार करणारी जाळी) लावा, ऑइलची रेडिएटरमधून जाणारी लाइन बायपास करा, कूलर जेवढा मोठा तेवढं चांगलं, मग ऑइल कधी बदलायलाच नको. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाहीये.

आधी 'कुठलीही ऑटोमॅटिक'. 2014 ला सेलेरिओ आली तेव्हापासून आपल्याकडे एएमटी खूप झाल्यात, तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच-गिअरचं काम यंत्र करतं, त्यात इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा टॉर्क कन्व्हर्टरच नाही तर कूलर जोडणार कुठे? ड्राय क्लचच्या डीसीटीत (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) ट्रॅफिकमध्ये तापतो तो कोरडा क्लच, ऑइल थंड करून त्याला काही फरक पडत नाही, तिथे इंच इंच सरकणं बंद करा, पुढे जागा झाली की मग गाडी हलवा.

कूलरचा खरा फायदा टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीला, तेही माणसं-सामान भरून घाट चढताना. स्पीड कमी, लॉक-अप (कन्व्हर्टरच्या दोन बाजू थेट जोडणारा क्लच) सुटलेला, कन्व्हर्टरमध्ये ऑइल नुसतं घुसळलं जातं आणि तापतं. अशा वेळी मॅन्युअल मोडमध्ये खालचा गिअर घेतला तरी बराच फरक पडतो, आणि तो फुकट आहे.

बायपासचं म्हणाल तर रेडिएटरच्या टाकीतला कूलर सकाळी गार ऑइल गरमही करतो. ऑइल साधारण 80 ते 95 अंशात राहिलेलं बरं, जास्त गार असलं तर जाड राहतं आणि गिअर झटके देत पडतात. म्हणून ऑइल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून आणि तिथून परत गिअरबॉक्सला. रेडिएटर आतून लीक होऊन कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल तर बायपास ठीक, पण थर्मोस्टॅट लावून, म्हणजे ऑइल गरम झाल्यावरच कूलरकडे जाईल.

मोठा कूलर कंडेन्सरची (रेडिएटरपुढच्या एसीच्या जाळीची) हवा अडवतो, एसी कमी पडतो. त्यात बरेच जण प्लास्टिकचे टाय कंडेन्सरच्या जाळीतून आरपार ओढून कूलर बांधतात, आणि गाडीच्या थरथरीने घासून घासून कंडेन्सरलाच भोक पडतं! ब्रॅकेट करून घ्या, आणि पाइप ट्रान्समिशन ऑइलचाच, साधा पेट्रोलचा नको.

ऑइल तर बदलावंच लागतं, क्लच प्लेटची झीज कूलर गाळत नाही. शिवाय कूलर लावला की ऑइल जास्त लागतं, लेव्हल पुन्हा बघावी लागते, तीही कंपनीने दिलेल्या तापमानालाच.

आणि मुळात आधी ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) लावून घाटात गिअरबॉक्स ऑइलच्या तापमानाचा आकडा बघा, शंभर अंशाच्या आत राहत असेल तर काहीच बसवायची गरज नाही.