थाई बाई बघताना घ्यायची काळजी

थायलंडला निघालात ना? मग तिथली बाई कुठे कुठे बघायची, ते आधीच ठरवून घ्या. हॉटेलच्या दारात हात जोडून उभी असलेली, मसाजच्या पाटीवर हसणारी, फार तर देवळाच्या भिंतीवरची अप्सरा. एवढ्यात भागतं. "बँकॉकला चाललोय" म्हणताना मित्रांकडे बघून मिचकावलेला डोळाही वाया जात नाही.

ती भिंत रंगवली कुणी, हे मात्र विचारू नका. फाप्तवान सुवन्नकुट हे नाव कानावर पडायचं आणि सहलीचा विचका व्हायचा. जन्म 1959चा. वडील पैबून मंदिरांतल्या भित्तिचित्रांचे नावाजलेले कलाकार. ते 1982 मध्ये गेले. पोरीने मुकाट घर सांभाळावं की नाही? हिने चित्रकारांचा चमू सांभाळला आणि गावोगावची मंदिरं रंगवली. जिथे बाईने भिक्षूला स्पर्श करायचा नाही, जिथे 1928च्या आदेशाने बाईला भिक्खुनीची दीक्षाही द्यायची नाही, तिथे ही बया परांचीवर चढून बुद्ध रंगवणार! उत्तरेतल्या काही मंदिरांत 'स्त्रियांना प्रवेश नाही' ही पाटी आजही आहे, हाच काय तो दिलासा.

तिच्या 'नारीफळां'च्या चित्रांच्या वाटेला तर जाऊच नका. मूळ बौद्ध कथा बेतशीर आहे. दानशूर राजपुत्र वेस्संतर (आपल्या अजिंठ्याच्या 17व्या लेण्यातला विश्वंतर तो हाच, पोरं दिली, बायकोही देऊन टाकली) वनवासात असताना बायको माद्री कंदमुळं आणायला रानात जायची. तपस्व्यांची तिच्यावर वाईट नजर पडू नये म्हणून इंद्राने झाडांना सोळा वर्षांच्या पोरी लावल्या. तोडा, घेऊन जा, सात दिवसांत सुकतात. तपस्व्यांना आवरण्यापेक्षा झाडं लावणं स्वस्त पडलं असावं.

फाप्तवानने या फळांना हात घातला तो 1990च्या दशकात. तेव्हा उत्तरेच्या खेड्यांतल्या मुली शहरांतल्या कुंटणखान्यांत विकल्या जात होत्या. त्यामुळे तिच्या चित्रासमोर उभं राहिलं की नजर झाडावरून खाली घसरते आणि तोडणारा कोण, असा भलताच प्रश्न पडतो. अशा वेळी घसा खाकरून "रंगसंगती छान आहे हं" म्हणावं आणि पुढच्या दालनात सरकावं.

तिथेही कुणी गाठून थाई बाईच्या बदलत्या स्थानाबद्दल विचारलंच, तर 2011 मध्ये यिंगलक शिनावात्रा पंतप्रधान झाल्या होत्या, असं ठणकावून सांगा. आणि मसाजची वेळ झाली म्हणून निघा.