६३२.८ की ६३२.९९१? आपल्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार. एक स्टार का दिला हे आपण सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. आपल्या हेलियम-निऑन लेसरवर तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर छापलेली आहे, आमच्या रिपोर्टात ६३२.९९१ आलं, आपण स्वतः ग्रेटिंग (बारीक समांतर रेघांची, प्रकाश ठरावीक कोनांत वळवणारी पट्टी) लावून मोजलंत तर ६३३ मिळाले, आणि डायोड लेसरचं (छोट्या अर्धवाहक चिपवर चालणाऱ्या लेसरचं) रीडिंग सारखं हलत होतं. म्हणजे आमचा वेव्हमीटर, तरंगलांबी मोजणारं यंत्र, बिघडलाय, असं आपलं म्हणणं.

६३२.९९१ वर आम्ही ठाम आहोत. ही निर्वातातली तरंगलांबी आहे आणि रिपोर्टात आकड्याशेजारीच तसं लिहिलंय. लेबलवरचा आकडा हवेतला असतो, तोही एकाच दशांश स्थळापर्यंत. हवेचा अपवर्तनांक (निर्वाताच्या तुलनेत प्रकाश हवेत किती पट मंदावतो तो आकडा) १.०००२७६ धरून ६३२.९९१ ला भागून पाहा, ६३२.८१६ येईल. शिवाय निऑनची ही रेषा, म्हणजे निऑन ज्या तरंगलांबीचा प्रकाश देतो तो अरुंद पट्टा, जेमतेम ०.००२ नॅनोमीटर रुंद असते आणि लेसर तिच्या बाहेर जाऊच शकत नाही. यंत्रात ०.१९ ची चूक असती, तर असा लेसर समोर ठेवताक्षणी ती उघडी पडली असती.

ग्रेटिंगला आम्ही मुळीच नावं ठेवत नाही. लेसर कोणता आहे हे ओळखायला ते उत्तम. पण मिलिमीटरला ६०० रेघांचं ग्रेटिंग आणि १ मीटरवर पडदा घेतला, तर पहिल्या क्रमाचा (मधल्या ठिपक्याच्या लगतचा) ठिपका मध्यापासून सुमारे ४१ सेंटिमीटरवर पडतो. तो वाचताना १ मिलिमीटर इकडेतिकडे झालं की उत्तर १.३ नॅनोमीटरने सरकतं. ठिपकाच मिलिमीटरभर रुंद! हवा आणि निर्वात यांतला फरक त्यात दिसणार कसा?

आमच्या यंत्रात आरसा सरकतो आणि आपल्या लेसरचे व संदर्भ लेसरचे (ज्याची तरंगलांबी आधीच माहीत आहे त्याचे) उजळ-काळे व्यतिकरण पट्टे एकाच वेळी मोजले जातात. प्रकाशाच्या वाटेत १० सेंटिमीटरचा फरक पडला की सुमारे १ लाख ५८ हजार पट्टे सरकतात. दोन्ही किरण त्याच हवेतून जात असल्यामुळे हवेचा परिणाम गुणोत्तरात जवळजवळ निघून जातो. उरतो तो किंचित फरक आकडेमोडीत धरलेला असतो.

आता डायोड. तो आपण तापमान-नियंत्रणाशिवाय, नुसता पाठवला होता. डायोड तापला की तरंगलांबी अंशामागे साधारण ०.२ ते ०.३ नॅनोमीटर वाढते, आणि मध्येच मोड (लेसर ज्या ठरावीक तरंगलांबीवर चालू शकतो ती अवस्था) बदलला तर रीडिंग एकदम उडी मारतं. त्याच बैठकीत, त्याच यंत्रावर आपला हेलियम-निऑन तिसऱ्या दशांशापर्यंत स्थिर होता. हलत होता तो डायोडच, आणि ते आपल्याला कळणं गरजेचं होतं, म्हणून सरासरी काढून झाकण्याऐवजी आम्ही पूर्ण आलेख जोडला.

डायोड त्याच्या माउंट आणि ड्रायव्हरसकट पाठवा, किती करंटवर चालवता तेही कळवा. आम्ही पुन्हा मोजून देऊ, शुल्क घेणार नाही. हवेतली तरंगलांबी हवी असेल तर तापमान, दाब आणि आर्द्रता सांगा. त्या स्थितीतला आकडाही रिपोर्टात देऊ.